थेंब परत मागायला गेलेली आक्का

आक्का गेली त्या दुपारी मी बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेले होते. मांडवात कुणीतरी कविता वाचत होतं, बाहेर पुस्तकांच्या टेबलांवर उन्हाची पिवळी पट्टी पडली होती आणि माझा फोन आवाज बंद करून पिशवीत ठेवलेला. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर शेजारच्या सुलोचनाबाईंचे सात फोन येऊन गेले होते. मला तेव्हाच कळलं असावं, कारण मी लगेच उलट फोन केला नाही. हातातलं पुस्तक होतं तिथं नीट ठेवलं, एका झाडाखाली गेले. मग फोन लावला. "शालूताई, आक्का खुर्चीत झोपल्यात असंच वाटलं मला…" त्या म्हणाल्या. कडोलीहून पिरनवाडीला घरी येईपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॉलीतून एकेक कांडं खाली घसरत होतं आणि आमची रिक्षा ते चुकवत होती, एवढं मात्र आठवतं.

याला आता सहा आठवडे झाले. आक्का म्हणजे इंदुमती, माझी सख्खी मोठी बहीण. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. संध्याकाळी ती दारात आली की आधी वास यायचा, मग ती. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून आक्कानं अभ्यास केला, नर्सिंगला गेली आणि निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात लागली. तिच्या पगारावर मी शिकले आणि बेळगावात एका कॉलेजची ग्रंथपाल झाले. लग्न तिनं केलं नाही, मीही नाही. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. त्या आधीची तीस-एक वर्षं ती त्या गावाची 'नर्सआक्का' होती.

सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायची. तिच्यामागून गल्ल्या हिंडण्याचे ते दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत, एकच लांब, कोवळ्या उन्हाची सकाळ असल्यासारखे. त्या भागात आयोडीन कमी पडून काही बायकांच्या गळ्याला गाठी असायच्या. त्यावर काळा दोरा बांधायचा, एवढाच उपाय माहीत. खडे मीठ आणायचं, पाण्यात खळबळून धुवायचं, उघड्या बरणीत चुलीजवळ ठेवायचं, ही सगळ्यांची रीत. आक्का दारात जाऊन चिमूटभर मीठ मागायची. पण मीठ हातात द्यायचं नसतं, भांडण होतं… म्हणून बायका ते वाटीत घालून जमिनीवर ठेवायच्या आणि मग आक्कानं उचलायचं. "भांडण तर मी करणारच हाय," ती म्हणायची, आणि पिशवीतल्या तपासणीच्या बाटलीतून मिठावर एक थेंब सोडायची. मीठ जांभळं झालं, म्हणजे त्यात आयोडीन असलं, तर घर पास. पांढरंच राहिलं तर आक्का तिथं बसकण मारायची, आणि त्या घरची बाई पुढच्या बाजारी पुड्यातलं आयोडीनचं मीठ आणीन असं कबूल करेपर्यंत उठायची नाही. मी पायरीवर बसून ते जांभळं होणं बघायची. काहीच नसलेल्या पांढऱ्यात कुठूनसा रंग उगवायचा. मला तेव्हा वाटायचं, माझ्या बहिणीला माणसांच्या आतलं दिसतं.

म्हणूनच असेल, चार वर्षांपूर्वी माझी तब्येत बिघडली तेव्हा मला फारशी काळजी वाटली नाही. केस मूठमूठ गळत होते, पाळी लांबत होती, वाचनालयातल्या दुपारच्या शांततेत मी टेबलावर डोकं ठेवून झोपून जायची. रक्त तपासलं, थायरॉइड निघालं. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी लिहून दिली. आक्कानं चिठ्ठी वाचली आणि बाजूला ठेवली. जन्मभर गोळी कशाला, कमी पडलंय ते आधी भरून काढू, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं तिनं थायरॉइड आणि आयोडीन हे दोन शब्द एका दमात उच्चारले होते. मोबाइलवर कुणाचं तरी बोलणं ऐकून तिनं आयोडीनच्या थेंबांच्या बाटल्या मागवल्या. रोज सकाळी पाण्यात थेंब टाकून पेला ती स्वतः माझ्या हातात द्यायची. पाणी किंचित तांबूस व्हायचं आणि मी ते श्रद्धेनं प्यायची.

चार महिन्यांनी माझा आवाज बसला. गळ्यात कुणी मऊ हात ठेवल्यासारखं जड वाटायचं. पुन्हा रक्त तपासलं, तर थायरॉइडचा आकडा कितीतरी वर गेलेला. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या कॉलेजातल्या मुलींहून थोड्याच मोठ्या. आणखी काही घेता का, त्यांनी विचारलं. आक्का शेजारीच बसलेली. मी नाही म्हणाले.

"खोटं बोलतीया ती," आक्का म्हणाली. "मी देते तिला थेंब. रोज."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर गळ्यातली ग्रंथी काढून दाखवली. हिच्या शरीरात आयोडीन कमी नाही, शरीरच या ग्रंथीवर उठलंय, आणि वरून जादा आयोडीन घातलं की ते भांडण वाढतं. ग्रंथीला जे बनवता येत नाही ते गोळी देते. नेहमीचं मीठ खा, थेंब बंद करा, त्या म्हणाल्या. आक्का त्या चित्राकडे बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, पोटुशी बाई हे थेंब घेत असली तर? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पोटातल्या बाळाच्या ग्रंथीलाही ते बाधू शकतं, त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं, की मागच्या महिन्यात उपकेंद्राच्या गावी गेली तेव्हा आक्कानं तीन घरी त्या बाटल्या दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. बाहेर शेतांवर धुकं, बसमध्ये भाजीच्या पाट्या, कन्नड-मराठी मिसळलेली कुजबुज. आक्का काचेला टेकलेली. मी म्हटलं, फोन करून सांगू की. ती म्हणाली, "मीठ बदलाय सांगाय दारात गेलते. हे फोनवर सांगू व्हय?"

दोन घरी बाटल्या मुकाट्यानं परत मिळाल्या. तिसरं घर पारूबाईंचं. त्यांचीच सून गरोदर. पारूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला. "नर्सआक्का, तुझ्या शब्दावर आख्ख्या गावानं मीठ बदललं. आता तूच म्हंतीस चुकलं. मग मीठबी चुकलंच म्हणायचं की." दारात दोन-चार बायका जमल्या होत्या. आक्काला भीती होती ती याचीच. स्वतःचं नाव जाईल याची नव्हे, नावाबरोबर मीठही जाईल याची. ती गप्प बसली असती तर तीस वर्षं शाबूत राहिली असती… त्या सुनेची पर्वा केली नसती तर.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली. "थेंब चुकलं. दोन्हीबी मीच सांगिटलं."

सुनेनं आतून बाटली आणून आक्काच्या हातात दिली. त्याच दिवशी आम्ही तिला निपाणीला नेऊन तपासून आणलं. पुढे मुलगी झाली, ठणठणीत आहे. पण पारूबाईंच्या घरात पुन्हा खडे मीठ आलं, आणि त्यांचं बघून आणखी एका घरात. आक्का त्यानंतर दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा चहा मिळाला, मीठ काही बदललं नाही. ते तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

मी गोळी सुरू केली. पहाटे उपाशी पोटी घ्यायची आणि तासभर चहा नाही. आक्काला डोळे उघडताच चहा लागे, वखारीतल्या आईची सवय. पण त्या दिवसापासून तिनंही तो तास धरला. मी म्हणायची, तू घे की गं. "तुला चार महिनं गोळीवाचून मीच थांबवलं न्हवं," ती म्हणायची आणि समोरच्या खुर्चीत बसून राहायची. खिडकीतून पिरनवाडीची नवी घरं एकेक करून धुक्यातून वर यायची, दूधवाल्याची घंटा जवळ येऊन लांब जायची. कधी वाटायचं, आपण दोघी अजून विहाराच्या ओट्यावर बसलोय आणि आई कामावरून यायची आहे.

परवा तपासणीला गेले, तर डॉक्टर म्हणाल्या, एवढं थांबायला नको, अर्धा तास पुरे. मी मान हलवली. आज सकाळी अर्धा तास झाला तशी उठले, पातेल्यात पाणी घातलं, साखरेचा डबा काढला… आणि गॅस न पेटवताच परत येऊन आक्काच्या खुर्चीसमोर बसले. अजून अर्धा तास होता.