चंपतचा इंग्रजी मान

साकोलीकडून भिलाईला आलेल्या चंपतला तिथे उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्यात नोकरी हवी होती. पक्की, क्वार्टर मिळेल अशी. तोवर तो एका ठेकेदाराकडे भट्टीच्या पायाचं काँक्रीट डोक्यावरून वाहत होता. पोलाद निघायला अजून अवकाश होता. सध्या नुसता माणसांचा घाम निघत होता.

ठेकेदाराचा सुपरवायझर पक्का बिलंदर. मजुरी न वाढवता काम दुप्पट करून घ्यायचा त्याने फुकटचा उपाय काढला होता. सकाळी हजेरीला तो माणसांना इंग्रजी शब्द वाटायचा. वेळेवर आला तो 'स्मार्ट'. दिवसभर टेकला नाही तो 'ॲक्टिव्ह'. आणि घमेल्यावर घमेलं ठेवून फळीवरून धावत चढला तो 'एनर्जेटिक'. एनर्जेटिक माणसाचं नाव पक्क्या नोकरीसाठी पुढे जातं, असं तो सांगायचा. गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण आशा वेडी असते.

चंपतला तर त्या शब्दाने पार वेड लावलं. गावात त्याला नावाने हाक मारणारे थोडे. बाकीचे जातीने, तेही लांबून. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊनही गावाची जीभ बदलली नव्हती. आणि इथे हॅटवाला सुपरवायझर शंभर माणसांसमोर 'एनर्जेटिक चंपत' म्हणाला. त्या संध्याकाळी तो मजूरवस्तीतल्या, कॅम्प-एकच्या झोपडीत शिरला तो फुगूनच.

"रुक्मे, आजपासून मी एनर्जेटिक."

"म्हंजे काय जी?" बायकोने विचारलं.

"धावनारा. दमत नाही असा."

"बैलबी धावते," रुक्मा म्हणाली आणि भात वाढला.

पुढे त्याच्या जांघेत गाठ आली. वजन घेऊन चढताना ती बाहेर यायची, उतरताना तो बोटांनी आत ढकलायचा आणि पुन्हा घमेली उचलायचा. रुक्माने लुगड्याची पट्टी फाडून दिली, ती घट्ट बांधायचा.

"कावून धावून राहिले जी? चालत जा ना."

"चाललो तं ॲक्टिव्हच होईन. वर चढलेल्या मानसानं खाली उतरावं का?"

एका दुपारी फळीच्या मध्यावर गाठ अडकली आणि चंपत घमेल्यांसकट कोसळला. गाठ दाबून धरत तो फळीवरच मुटकुळा होऊन पडला. सुपरवायझर आला, बघितलं आणि म्हणाला, "इसको हटाओ, रास्ता रुका है." दुसऱ्या दिवशी हजेरीला केवलराम एनर्जेटिक झाला. काम क्षणभरही अडलं नाही.

हर्नियाचं ऑपरेशन झालं. जन्मभर वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. रुक्मा साइटवर जाऊन उभी राहिली.

"साहेब, त्यायचं नाव पुढं गेलं होतं ना?"

"कौन चंपत?" सुपरवायझरने विचारलं. खोटं बोलत नव्हता मेला, खरंच विसरला होता. मग तिच्या दंडांकडे बघून म्हणाला, "काम करेगी? रेजा चाहिए, औरत मजदूर."

चूल पेटायला हवी होती. नवऱ्याची चुंबळ घेऊन ती त्याच फळीवर चढू लागली.

थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी सिमेंटने फुटलेले पाय घेऊन ती आली. दोघांना भात वाढला आणि स्वतःच्या ताटाला हात लावण्याआधी थुंकावं तशी म्हणाली, "आज मले ॲक्टिव्ह म्हनला, मुडदा."

खाटेवरचा चंपत ताट घेऊन उठून बसला. आजारपणात पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत तेज आलं. रुक्माला वाटलं, आता तरी आपले पाय दिसतील याला.

"नुसतं ॲक्टिव्ह?" तो म्हणाला. "उद्या घमेल्यावर घमेलं ठेव. अन् धाव, रुक्मे. एनर्जेटिक झाल्याबिगर नाव पुढं जात नाही."

रुक्माने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. त्याचं अर्धंही जेवण झालं नव्हतं. तो भात तिने आपल्या ताटात ओतला आणि त्याच्यादेखत शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. सकाळी वजन तिला उचलायचं होतं.