भिंत सरळ होती

तिला कुणी मिस्त्री म्हणत नसे. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. ती मिस्त्रीची बायको. पंधरा वर्षं ती टाइल्स बसवत होती, त्यातली शेवटची सहा तर भिंतींचं सगळं काम एकटीच करत होती. तरी दार उघडणारा माणूस तिच्या खांद्यावरून मागे बघायचा आणि विचारायचा, "मिस्त्री नाही आले?" तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून "येतील मागून" म्हणायची आणि आत जाऊन थापीच्या दांड्याने भिंत वाजवून बघायची, प्लास्टर कुठे पोकळ लागतंय का ते.

जमिनी आणि ओटे नवऱ्याकडे, भिंती तिच्याकडे, अशी त्यांची वाटणी. ही वाटणी प्रेमाने झाली असं कुणी समजू नये. भिंतीचं काम किचकट. खिडकी आली, नळ आले, स्विचचे डबे आले; प्रत्येकाला वळसा घालून तुकडे कापायचे. एवढा धीर त्या गृहस्थांकडे कुठला? त्यांना आवडायचं बोलायला. गिऱ्हाइकाबरोबर चहा घेत तासभर गप्पा हाणायच्या, आणि निघताना हिने बसवलेल्या भिंतीवरून असा हात फिरवायचा की बघणाऱ्याला वाटावं, हेच राबले दिवसभर.

हे घर होतं एका निवृत्त हेडमास्तरांचं. घरात ते आणि काकू, दोघंच. ओटा सात वर्षांपूर्वी मिस्त्रीनेच बसवला होता. तेव्हा ती बाळंतपणासाठी आईकडे गेली होती, त्यामुळे हे स्वयंपाकघर तिने पाहिलेलं नव्हतं. आता ओट्यामागची भिंत तेलाने पिवळी पडली होती, तिला टाइल्स लावायच्या होत्या.

तिने लेव्हलची पट्टी ओट्यावर ठेवली. बुडबुडा बेसिनच्या बाजूला सरकून बसला. पट्टी उलटी फिरवून ठेवली, तरी बुडबुडा बेसिनकडेच. म्हणजे ओटा बेसिनकडे उंच आणि गॅसकडे उतरता होता, तोही चांगला बोटभर. उतार हवा एकीकडे, दिलाय दुसरीकडे! घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. "जमव की काहीतरी," म्हणाला, "तेवढं कोण बघतंय?"

तिने जमवलं, पण ओट्याचं ऐकून नाही. भिंतीवर एक लाकडी पट्टी अगदी लेव्हलमध्ये ठोकली, तिच्यावर खिडकीच्या चौकटीशी समांतर अशा टाइल्सच्या ओळी चढवल्या. त्या पक्क्या झाल्यावर पट्टी काढली आणि खाली उरलेल्या जागेत एकेक टाइल तिरकी कापून बसवली. बेसिनपाशी चार बोटं, गॅसपाशी पाच. तीन दिवस गेले यात. सांधे भरायचे तेवढे राहिले.

चौथ्या दिवशी हेडमास्तर फूटपट्टी घेऊन आले. जन्मभर वह्या तपासलेला माणूस. चूक सापडल्याशिवाय घशाखाली घास उतरत नसावा. त्यांनी खालची ओळ एका टोकाला मोजली, दुसऱ्या टोकाला मोजली आणि आवाज चढवला.

"इथे कमी, तिथे जास्त. तिरकी लावलीस की सगळी!"

"सर, भिंत सरळ आहे. ओटा उतरलाय."

"ओटा?" ते हसले. "ओटा तुझ्या नवऱ्याने बसवलाय. सात वर्षांत एक चीर नाही. त्याच्याकडून शिकायचं सोडून स्वतःची चूक त्याच्याच माथी मारतेस?"

तिने लेव्हलची पट्टी ओट्यावर ठेवून दाखवली. तर म्हणे, तुझी पट्टीच बिघडली असेल. पट्टी उलटी फिरवून बघायचीही तसदी घेतली नाही त्यांनी. मिस्त्रीला फोन लावला. ही भिंत उखडायची आणि ओट्याला धरून नव्याने लावायची, नाहीतर बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी जाऊन सांगेन या बाईला कामाला बोलावू नका म्हणून. हे सगळं ती समोर उभी असताना, ती तिथे नसल्यासारखं. काकू बेसिनपाशी हातात फडकं घेऊन उभ्या होत्या.

अर्ध्या तासात मिस्त्री आला. इस्त्रीचा शर्ट घालून. तिने त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं, सर, ओटा माझा चुकलाय. त्याने वाकून लेव्हलची पट्टी पाहिली. बुडबुडा त्याला नीट दिसला, हे तिला नीट दिसलं. मग तो ताठ झाला आणि म्हणाला, "शेवटी बायकांचा हात आहे सर, होतं असं. मी स्वतः उभा राहून ओट्याप्रमाणे लावून घेतो." आणि तिला, "छिन्नी काढ गं."

छिन्नी! तीन दिवस वाकून केलेली, सुतात असलेली भिंत हिनेच फोडायची, कशाला, तर यांचा ओटा सरळ दिसावा म्हणून. आणि नवी भिंत खिडकीपाशी वाकडी दिसली की नाव पुन्हा हिचंच.

तिने छिन्नी काढली नाही. बेसिनमधलं पातेलं नळाखाली धरलं, काठोकाठ भरलं आणि बेसिनच्या कडेला, ओट्यावर उपडं केलं.

पाणी बेसिनला पाठ करून निघालं. भिंतीकडेने गेलं, गॅसच्या शेगडीखाली शिरलं, कोपऱ्यात साचलं आणि तिथून ओट्याच्या कडेवरून हेडमास्तरांच्या चपलेवर टपटपायला लागलं. 

"रोज असंच जातं," काकू म्हणाल्या.

"काय?" हेडमास्तर म्हणाले.

"पाणी. सात वर्षं रोज. आणि रोज तुम्ही म्हणता, हिला दोन भांडी धड विसळता येत नाहीत. पाहुण्यांसमोर म्हणता, सुनेसमोर म्हणता. मलासुद्धा वाटायला लागलं होतं, आपलाच हात वेंधळा." त्यांनी हातातलं फडकं नवऱ्याच्या हातात कोंबलं. "पुसा. आणि या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. सांधे हीच भरेल."

हेडमास्तर फडक्याकडे बघत राहिले. मग खरोखरच वाकले.

सांध्यांच्या मसाल्याची पिशवी बाहेर जिन्यात होती. आणायला ती गेली तर मिस्त्री मागोमाग आला.

"परक्यांसमोर अब्रू घालवलीस माझी," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"सात वर्षं त्या काकूंनी सांभाळली की तुमची अब्रू," ती म्हणाली. "रोज बोलणी खाऊन."

तिने पिशवी उचलली आणि आत गेली.