आमच्या ह्यांचं लांबलेलं मरण

आमचे हे मरायला लागले की किती वेळ लागेल याचा काही भरवसा नसे. घाबरू नका, स्टेजवरचं म्हणते आहे मी. घरात माणूस ठणठणीत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो आणि मिठावरून कटकट करतो.

नोकरी पाणीखात्यात, मीटर वाचायची. घरोघरी जायचं, जिन्याखाली वाकून आकडा टिपायचा, की पुढचं दार. पण जिन्यात आवाज घुमतो हे कळल्यापासून ह्यांच्या फेऱ्या लांबल्या. मीटर बघता बघता हे नाटकातले संवाद म्हणत. वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून डोकावत, आणि मग हे तिथंच उभे राहून त्यांना जुनी इंग्रजी नाटकं समजावून सांगत. "अहो वहिनी, त्या नाटकांत माणसाला शत्रू मारत नाही. त्याची स्वतःचीच एक खोड त्याला मारते. कुणाचा हावरटपणा, कुणाचा संशय, कुणाचा ताठा. आणि गंमत म्हणजे ती खोड सगळ्या जगाला दिसते, फक्त त्याला दिसत नाही." वहिनी मान डोलवत. आत दूध उतू जाई.

आमच्या हौशी मंडळानं असंच एक जुनं इंग्रजी नाटक मराठीत बसवलं होतं. त्यात एक सरदार आहे. तोंडपुज्या लोकांच्या नादी लागून तो सख्ख्या भावाला फाशी देतो. पुढं खरं काय ते कळतं, तेव्हा विष पितो आणि मुलीसमोर प्राण सोडतो. मग ती मुलगी बापाच्या प्रेतापाशी उभी राहून शेवटचं भाषण करते आणि पडदा पडतो. सरदाराचं काम पहिल्या प्रयोगापासून ह्यांच्याकडे. मंडळात, बाजारात, ऑफिसात सगळीकडे ह्यांना 'सरदार' हेच नाव पडलं होतं.

विष प्यायल्यावर सरदाराला मूळ नाटकात दोनच वाक्यं होती. ती म्हणून माणसानं मुकाट मरायचं. पण पहिल्याच प्रयोगात हे पडले आणि टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकून हे उठले. झालं! त्या दिवसापासून मरणाला फाटे फुटत गेले. आधी टेबल धरून उठणं आलं. मग भावाची आठवण आली. मग कोपरावर रेलून "दिवा आणा रे, अंधारून आलंय" आलं. मागाहून त्यात खुर्चीशी भांडणही शिरलं. लोकांना आवडे, खोटं कशाला बोलू? लोक शिट्ट्या मारत, "सरदार, अजून एकदा!" म्हणून ओरडत, आणि मेलेले सरदार खरंच अजून एकदा उठत. मी विंगेत सुई-दोरा घेऊन बसलेली असे, कारण दर मरणाला झगा गुडघ्यावर फाटे. शिवणकाम हा माझा धंदाच आहे, पण एका माणसाच्या मरणापायी इतके गुडघे दुसऱ्या कुणी शिवले नसतील.

आमचे प्रयोग दुपारचे. संध्याकाळी हॉल दुसऱ्या कुणाला दिलेला असे, त्यामुळे वेळ झाली की हॉलचा मॅनेजर पडदा पाडायला लावी. स्टेजवर कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ह्यांच्या मरणानं खाल्लेला वेळ कापला जाई तो मुलीच्या भाषणातून. त्या बिचारीनं पुढं येऊन तोंड उघडलं की पडदा! हे काम करणारी एक मुलगी रडून सोडून गेली, दुसरी भांडून गेली. आमचे मास्तर, म्हणजे नाटकाचे दिग्दर्शक, ह्यांच्यापुढे हात जोडत. हे म्हणत, "हो हो, पुढच्या वेळी नक्की." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ जिन्याजिन्यातून दाखवत फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काही दिसत नव्हतं.

आणि मग ते काम आमच्या मुलीला मिळालं. वशिल्यानं नव्हे हं! मास्तरांनी तिघीचौघींकडून वाचून घेतलं आणि हिला निवडलं. ही आमची एकुलती एक, चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, बोलते कमी. लहानपणापासून विंगेत माझ्या मांडीवर बसून बापाला मरताना बघत आलेली. गच्चीत वाळत घातलेल्या चादरींपुढे उभी राहून ती भाषण पाठ करायची, तेही दाराला कडी लावून. मी विचारलं, "अगं, बाबांना तरी ऐकव की." तर म्हणाली, "नको. ते लगेच आपल्या आवाजात म्हणून दाखवतील. मग मला माझा आवाज सापडायचा नाही."

प्रयोगाच्या आधी एकदा जेवताना तिनं विषय काढला.

"बाबा, मला माझं भाषण पूर्ण म्हणायचंय."

"म्हण की. कोण अडवतंय?"

"तुम्ही."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "शब्द देतो. या वेळी एकदाच पडेन."

हे आत गेल्यावर मी तिला म्हटलं, "पोरी, तुझा बाप खोटं बोलत नाही. पण अंगावर स्टेजचा उजेड पडला की तो तुझा बाप राहत नाही, एवढं लक्षात ठेव."

"माहीत आहे गं आई," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

प्रयोगाला हॉल भरला होता. नाटक रंगलं आणि रंगलं म्हणूनच लांबलं. समोरच्या विंगेत मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. ह्यांनी विष घेतलं, दोन वाक्यं म्हटली आणि पडले. टाळ्यांचा पाऊस पडला. हे निपचित. मी मनात म्हटलं, जिंकली गं पोर माझी! तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सरदार, अजून एकदा!"

आणि ह्यांचा हात टेबलाचा पाय चाचपू लागला.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पोटच्या पोरीसाठीसुद्धा या माणसाला एकदा पडून राहता येत नाही? हे गुडघ्यांवर आले. भावाची आठवण सांगायला तोंड उघडलं. मॅनेजरनं पडदेवाल्याकडे पाहिलं.

सरदार पुरता मरेपर्यंत मुलीनं दारापाशी थांबायचं, असं बसवलेलं होतं. आमची थांबली नाही. ती सरळ चालत आली, ह्यांच्यापाशी बसली, खांद्याला धरून ह्यांना हळूच आडवं केलं, झोपेतून उठलेल्या पोराला आई परत निजवते तसं. आणि तळहात फिरवून तिनं ह्यांचे डोळे मिटले.

एकदा डोळे मिटले म्हणजे मेला, आता उठला तर ते भूतच म्हणायचं. पण ह्यांचं काय सांगावं? याहून क्षुल्लक कारणासाठी हे उठलेले मी पाहिले होते. मी जवळून बघत होते. पापण्या थरथरत होत्या. घशाशी आलेलं वाक्य मला दिसत होतं. मग ह्यांनी ते वाक्य गिळून टाकलं. टेबलाचा पाय धरलेला हात सुटून जमिनीवर पडला.

मुलगी उभी राहिली आणि बोलू लागली. "हा माणूस वाईट होता म्हणालात, तर मी मान डोलवीन. चांगला होता म्हणालात, तरी डोलवीन. पण यातलं एकच खरं म्हणणारा जो कुणी असेल, त्यानं या घरातून बाहेर जावं." असं सुरू झालं ते भाषण. आवाज ह्यांच्यासारखा गडगडाटी नव्हताच. खालच्या पट्टीतला, साधा, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. ज्याला फाशी दिली त्या काकाबद्दल ती बोलली, ज्यानं दिली त्या बापाबद्दल बोलली, आणि दोघांपैकी कुणालाही तिनं सोडून दिलं नाही. मागच्या रांगेतला तो ओरडणारासुद्धा गप्प होता. मॅनेजर घड्याळ बघायचं विसरला.

मला अभिमान वाटला. उघड सांगते, लाजायचंय काय त्यात? लेकीचा वाटला, पण जमिनीवर पडलेल्या त्या माणसाचा जास्त वाटला. लेकीला बोलता येतं हे मला ठाऊक होतं. ह्यांना गप्प राहता येतं, हे ठाऊक नव्हतं.

पडदा पडला. मास्तर, मंडळातली माणसं, सगळी मुलीभोवती गोळा झाली. ह्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं, आणि हे अजून डोळे मिटून तसेच पडलेले. मी जवळ गेले.

"अहो, उठा आता. आता उठलात तरी चालेल."

ह्यांनी डोळे उघडले. उठून बसले. गर्दीतून दिसणाऱ्या लेकीकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"अगं," हे म्हणाले, "इतकी वर्षं मी या नाटकात मरतोय, आणि मी मेल्यावर पुढं काय होतं ते आज ऐकलं."