तांब्याखालचा दिवा

देवी ऐकते, यावर त्या दिवसापर्यंत माझा फारसा विश्वास नव्हता. कुळाचार सगळे पाळायचे, पण मनात यायचं, रेणुकामाय बसली माहूरला, बार्शीटाकळीजवळच्या आमच्या खेड्यातलं तिला कुठून ऐकू जाणार?

त्या वर्षी दूरदेशी कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे कापूस सोन्याच्या भावानं जात होता. बाजार गाठायच्या घाईत ह्यांनी बोजे स्वतःच गाडीवर चढवले आणि भर दुपारी पोट धरून ओसरीवर आडवे झाले. ओझं उचलणाऱ्याचं पोट दुखलं की आमच्याकडे दुसरं काही सुचतच नाही. बेंबी सरकली, एवढंच. ह्यांचंही तेच म्हणणं.

पोट चोळणाऱ्या यमुनामावशी आल्या. बेंबीवर कणकेचा दिवा लावायचा, वर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट धरतो, मग चोळायचं. पण तांब्या काही धरेना. शेवटी मी तो उचलला, तर खाली दिवा जळतच होता. वारा अजिबात नव्हता. अंगणात पडलेला कापूससुद्धा हलत नव्हता. तरी ज्योत उजव्या मांडीकडे वळून राहिली होती.

मावशी हाताला तेल लावून चोळायला बसल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. हे माझ्यावर खेकसले. मी ऐकलं नाही. ज्योत दाखवत होती तिथलं धोतर सरकवलं. जांघेत लिंबाएवढी टणक गाठ होती. लाजेपायी ह्यांनी ती कित्येक महिने लपवली होती.

बोजे खाली ढकलून ह्यांना गाडीत घातलं आणि अकोला गाठलं. गोऱ्या डॉक्टरानं औषध हुंगवून चिरफाड केली. आतडं जांघेत अडकून आवळलं होतं, चोळलं असतं तर फुटलंच असतं, असं त्याच्या कारकुनानं मला समजावलं. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

हे बरे होऊन घरी आले, तेव्हा मावशी भेटायला आल्या. हळूच म्हणाल्या, "पोरी, तुले सांगू का? त्या दिव्यात तेलच नोतं. घाईत घालाचं राहूनच गेलं होतं."

माहूर किती लांब, हे मी आता मोजत नाही. रोज तिन्हीसांजेला देवीपुढे दिवा ठेवते. तेल मी घालते, जळणं तिच्याकडे.