आतून झिजणारं उजवं चाक

टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि बोटाला तार टोचली. मी हात मागे घेतला. त्या कडेला रबर उरलंच नव्हतं. बाहेरच्या कडेला मात्र खाचा इतक्या खोल होत्या की टायर नवा म्हणून खपला असता.

"कधी बसवला हा?" मी विचारलं.

"दिवाळीला," हरेश सेठ म्हणाले. होळी अजून यायची होती. "और ये तीसरा है. त्याच जागेचा. मागचं उजवं चाक. बाकी तिन्ही टायर ठीक आहेत. भाभी टायर खाते, साहब. तुम्ही तसं लिहून द्या, म्हणजे गाडी विकता येईल."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी एका टायर कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. गिऱ्हाइकाची तक्रार आली की जाऊन टायर बघायचा आणि दोष टायरचा, गाडीचा की चालवणाऱ्याचा, ते ठरवायचं, एवढंच माझं काम. कल्याणपासून बदलापूरपर्यंतचा भाग माझ्याकडे होता. रोज ट्रक, टेम्पो आणि कारखान्यांच्या बसगाड्या बघायच्या. त्या दिवशी उल्हासनगरात, हरेश सेठच्या लेसच्या कारखान्याच्या आवारात, जॅकवर चढवलेली गाडी मात्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, गडद लाल. स्टिअरिंग डावीकडे. इंजिन पुढे आणि सगळा जोर मागच्या चाकांना. पहिली दोन मिनिटं मी टायर बघायचं विसरून गाडीच बघत राहिलो होतो.

ही गाडी हरेश सेठचे थोरले भाऊ किशनचंद यांची. आखातात बरीच वर्षं काढून परत येताना त्यांनी ती सोबत आणली होती. पुढे मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. तेव्हा त्यांच्या बायकोने, मोहिनी मॅडमनी, चाळिशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली. दर रविवारी त्या नवऱ्याला शेजारी बसवून बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला घेऊन जात. किशनचंद सेठ काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत बसत.

हे मला खुद्द मोहिनी मॅडमनी सांगितलं. त्या कारखान्यातल्या बायकांशी बोलून बोलून चांगलं मराठी शिकल्या होत्या.

"दुसरा टायर फुटला तेव्हा आम्ही परत येत होतो," त्या म्हणाल्या. "आनंदनगरच्या अलीकडे. गाडी मागून एकदम फिरायला लागली. समोरून टँकर. मी ब्रेक नाही मारला. स्टिअरिंग घट्ट धरलं, पाय हळूहळू काढला. सांई बाजूला होते, ते म्हणाले ब्रेक नको मारू." नवऱ्याला त्या सांई म्हणत.

"झूठ," किशनचंद सेठ हसत म्हणाले. ते खुर्ची टाकून गाडीपाशीच बसले होते. "मी काहीच बोललो नाही. मेरी तो आवाज ही बंद हो गयी थी. सब इसने किया."

मी त्या बाईंकडे बघत राहिलो. मागचा टायर फुटल्यावर ब्रेक मारायचा नाही, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये ड्रायव्हरांना फळ्यावर चित्र काढून शिकवतो. तरी प्रत्यक्षात निम्मे ड्रायव्हर ब्रेक मारतातच. आणि टायर रस्त्याला टेकतो किती? तळहाताएवढा. चार तळहातांवर सगळी गाडी धावते. त्यातला एक तळहात अचानक नाहीसा झाल्यावर या बाईंनी दोन जिवांसकट ती गाडी सरळ ठेवली होती.

हरेश सेठ मला बाजूला घेऊन गेले. "साहब, मी वाईट माणूस नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दर रविवारी ते परत येईपर्यंत मी गेटवर उभा असतो. पुढच्या वेळी टँकर थांबला नाही तर? भाऊ आहे माझा. गाडी गेली तर त्याला वाईट वाटेल. वाटू दे. जिवंत तर राहील."

मी फोन कुठे आहे ते विचारलं.

ऑफिसला फोन केला. माझे मॅनेजर कर्णिक साहेब. "वायर दिसते? मग काय बघायचं राहिलं, गायकवाड? रॅश ड्रायव्हिंग लिहा आणि केस क्लोज करा."

"साहेब, रॅश ड्रायव्हिंगने एकच टायर कसा झिजेल?"

"दोन दिवसांत सांगा मग," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता टायर असा का झिजतो ते थोडं सांगतो. तुमच्या चपलेची टाच एका बाजूने झिजत असेल तर दोष चपलेचा नसतो, चालण्याचा असतो. गाडीचंही तसंच. चाक वरून आत कललेलं असेल तर आतली कड जास्त झिजते. या कलण्याला आम्ही कॅम्बर म्हणतो. वेगवान गाड्यांची मागची चाकं मुद्दामच जराशी आत कललेली ठेवतात, वळणावर पकड चांगली मिळावी म्हणून. पण ती दोन्ही बाजूंना सारखीच. दुसरी गोष्ट म्हणजे टो. माणूस पावलं बाहेर फाकवून चालतो तसं चाक बाहेर वळलेलं असेल, तर ते पुढे जाताना रस्त्यावर सारखं घासलं जातं. किसणीवर नारळ घासावा तसं.

यातलं कुठलं कारण आहे ते हाताला कळतं. टायरवरून आडवा हात फिरवायचा. या टायरवर आतून बाहेर हात जाताना गुळगुळीत लागत होतं, बाहेरून आत येताना टोचत होतं. म्हणजे चाक बाहेर वळलेलं होतं. शंकाच नको.

गाडी अलाइनमेंटला नेली. उल्हासनगरात तेव्हा भिंतीवर उजेडाचा ठिपका पाडून माप घेणारं एक मशीन होतं. माप घेतलं. उजवं चाक सरळ. पुन्हा घेतलं. सरळच. गाडीखाली शिरून टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, चाकाचे सगळे सांधे हलवून पाहिले. सगळे घट्ट.

टायर म्हणत होता चाक वाकडं आहे. मशीन म्हणत होतं सरळ आहे. आणि मी दोघांवरही विश्वास ठेवणारा माणूस.

मोहिनी मॅडमशेजारी बसून कारखान्यापासून शांतीनगरपर्यंत एक चक्कर मारली. मला काही जाणवलं नाही. त्यांनाही कधी जाणवलं नव्हतं. परत आल्यावर गाडीचा आवाज ऐकून किशनचंद सेठ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मुझे भी कोई पूछेगा?"

मला खरंच सुचलं नव्हतं. "सांगा ना, सेठ."

"ब्रेक लगता है ना, तेव्हा माझ्या सीटखालून कोणीतरी चटई ओढतं. बाहेरच्या बाजूला. ब्रेक सोडला की चटई परत. पेट्रोल दिल्यावर काही नाही. सीधा चलने में कुछ नहीं. सिर्फ ब्रेक."

"हे कधीपासून?"

"दोन साल. मी सांगितलं मोहिनीला. ती म्हणाली मला तर कळत नाही. मग मी चुप बसलो. अंधे आदमी को बहुत कुछ लगता है, ऐसा सब समझते हैं."

मोहिनी मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

स्टिअरिंग डावीकडे होतं, म्हणून सेठ उजवीकडे बसायचे. त्या चाकाच्या बरोबर पुढे. आणि माझ्या चकरेत रस्ता मोकळा होता. जोराचा ब्रेक मारायची वेळच आली नव्हती.

म्हणजे उभ्या गाडीत चाक सरळ, चालत्या गाडीतही सरळ, फक्त ब्रेक लागल्यावर बाहेर वळणारं. पण हे दाखवायचं कसं? उभ्या गाडीचं माप घेणारं कुठलंही मशीन ते दाखवू शकत नव्हतं. मी हरेश सेठकडून दोन जाड पत्रे आणि तीन लोखंडी सळया मागून घेतल्या. एक पत्रा जमिनीवर ठेवायचा, त्यावर रस्त्याच्या दिशेने लांबट सळया, वर दुसरा पत्रा. वरचा पत्रा पुढेमागे हलत नाही, फक्त डावीकडे-उजवीकडे घरंगळतो. चाक त्याच्यावरून सरळ गेलं तर पत्रा जागेवर राहणार. चाक बाहेर वळलेलं असेल तर पत्रा आतल्या बाजूला सरकणार.

कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी आनंदनगर एमआयडीसीतला एक सरळ रस्ता आम्ही निवडला. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना फळ्यांचे उतार लावले. खडूने रेघ मारली. मोहिनी मॅडम चालवणार, सेठ त्यांच्या नेहमीच्या जागेवर. मी पत्र्याशेजारी उकिडवा बसलो, हरेश सेठ माझ्यामागे उभे.

पहिल्यांदा नुसती गाडी हळू नेली. पत्रा जागचा हलला नाही.

"आता चाक पत्र्यावर आलं की हलका ब्रेक," मी ओरडून सांगितलं.

गाडी परत आली. चाक पत्र्यावर चढलं, मॅडमनी ब्रेक दाबला आणि माझ्या डोळ्यांदेखत पत्रा सर्रकन आत सरकला. खडूच्या रेघेपासून चांगली दोन बोटं. हातभर लांबीच्या पत्र्यावर दोन बोटं! मी नुसता बघत राहिलो. एवढं मोठं चाक, एवढी जड गाडी, आणि ती दरवेळी ब्रेक लागला की रस्त्यावर अशी आडवी फरफटत होती. दोन वर्षं. आणि शेकडो वेळा चाललेली ती फरफट डोळे नसलेल्या एका माणसाने पाठीने ओळखली होती.

"सरका?" गाडीतून सेठचा आवाज आला.

"सरकला, सेठ!"

"देखा?" ते म्हणाले. मला नाही, भावाला. हरेश सेठ खाली वाकले, खडूची रेघ आणि पत्र्याची कड यांच्यामध्ये आपली दोन बोटं ठेवून पाहिली.

मग मागच्या चाकाचा आर्म खोलला. आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी हात. तो जिथे गाडीला जोडतो तिथे रबराचा बुश असतो, आपल्या गुडघ्यातल्या कुर्चेसारखा. त्याच्या मध्ये लोखंडी नळी, भोवती रबर, दोन्ही एकमेकांना पक्के चिकटलेले. बुश बाहेरून धडधाकट दिसत होता. मी नळी दोन बोटांत धरून ओढली आणि पिकल्या जांभळातून बी निघावी तशी ती हातात आली. उभ्या गाडीच्या वजनाने रबर नळीवर दाबून बसत होतं, म्हणून टॉमीलाही फसवत होतं. ब्रेकच्या ओढीने मात्र ते सुटत होतं.

तो बुश आपल्याकडे मिळणं शक्य नव्हतं. मी तो कागदात गुंडाळून बदलापूरला, शिरगावातल्या आमच्या घरी आणला. माझी बायको सुनंदा अंबरनाथच्या एका रबर कारखान्यात केमिस्ट होती. तिने बुश नाकाजवळ नेला, नखाने दाबला.

"फुगलाय," ती म्हणाली. "याला तेल कोण पाजतं?"

मला लगेच कळलं. त्या काळी सर्व्हिसिंग झालं की गॅरेजवाले गाडीच्या खालून जुन्या ऑइलचा फवारा मारत, गंज लागू नये म्हणून. लाडक्या गाडीवर जरा जास्तच. नैसर्गिक रबराला तेल चालत नाही. शिवाय सायलेन्सरचा पाइप त्याच बाजूने जात होता. तेल आणि उष्णता दोन्ही त्या एकाच बुशाच्या वाट्याला आलं होतं.

"करून देशील?"

"साहेबांना विचारून बघते. पण गाडीवाल्यांना सांग, तेल मारणं बंद. नाहीतर हाही जाईल."

तिच्या साहेबांनी होकार दिला. तिने आधी एक केला, तो मऊ निघाला आणि तिनेच बाजूला टाकला. नंतरची जोडी मी प्रेसवर लावून पिळून पाहिली. नळी हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा एकदा पिळून दाखवली.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, नवा टायर घातला आणि पुन्हा त्याच रस्त्यावर पत्रा मांडला. मॅडमनी ब्रेक दाबला. पत्रा खडूच्या रेघेवर गप्प पडून राहिला. आधीच्यापेक्षा जोरात ब्रेक मारायला सांगितलं. तरी गप्प.

"चटई?" मी विचारलं.

"चटई अपनी जगह पे," सेठ म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. मागच्या छोट्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून मी बसलो. बदलापूर गाव मागे टाकलं, रस्ता मोकळा झाला आणि मोहिनी मॅडमनी पाय दाबला. मी टायरच्या धंद्यात इतकी वर्षं होतो. पण चार तळहात एखाद्या गाडीला रस्त्याशी असं धरून ठेवू शकतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वळण येत होतं आणि गाडी वळणातून पाण्यासारखी निघत होती. पुढे सेठ मान मागे टाकून बसले होते आणि मॅडमना दरेक वळण यायच्या आधी सांगत होते, "अब लेफ्ट आयेगा." बरोबर तिथेच यायचं.

कर्णिक साहेबांनी माझा रिपोर्ट वाचून विचारलं, "मग चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही, साहेब."

"असं लिहिता येत नाही, गायकवाड."

शेवटी त्यांनीच काहीतरी लिहिलं. पुढच्या दिवाळीला मी मुद्दाम जाऊन टायर पाहिला. या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा झिजला होता. गाडी विकली गेली नाही. हरेश सेठ रविवारी गेटवर वाट बघायचे ते बघतच. फक्त आता ते खुर्ची घेऊन बसत.

त्यानंतर कुठल्याही तक्रारीवर गेलो की मी एक प्रश्न वाढवला: गाडीत शेजारी कोण बसतं? निवृत्त होईपर्यंत विचारत राहिलो. बहुतेक वेळा उपयोग झाला नाही. शेजारी बसणारे झोपलेले असतात.