बर्फातून आलेलं रक्त

मंगळवारी दुपारी भाचा गेला. तो लातूरला दवाखान्यात होता. मी नांदेडला प्रयोगशाळेत होते. धाकट्या बहिणीचा फोन मीच घेतला.

तो सात महिन्यांचा होता. एक संसर्ग बरा होईतो दुसरा यायचा. प्रतिकारशक्तीत जन्मतःच दोष असावा, असं तिथल्या डॉक्टरांचं मत पडलं. दोष नेमका कोणत्या जनुकात आहे हे कळल्याशिवाय पुढचा उपचार ठरत नव्हता. त्यासाठी रक्तातल्या, रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्या जिवंत असतानाच तपासणीला पाठवायच्या होत्या. हे काम मी अकरा वर्षं करत आले आहे, म्हणून रक्त माझ्याकडेच यायचं ठरलं. बहिणीला फोनवर मी म्हणाले, "नीट जपून पाठव." एवढंच म्हणाले.

रक्त घेऊन तिचे सासरे आले. मी त्यांना मामा म्हणते. रेणापूर तालुक्यात गावोगाव पोलिओच्या डोसांची पेटी वाहण्यात त्यांची नोकरी सरली. तसलीच एक पेटी मांडीवर धरून ते लातूरहून एसटीनं आले होते.

"कंडक्टर म्हणला, आजोबा, कुल्फी हाय का? म्हणलं, हाव, तुझ्यासाठीच घेऊन चाललो." मग पेटीचं झाकण काढत म्हणाले, "बघा बाई, बर्फ निम्मा बी वितळला न्हाई. उभ्या नोकरीत एक डोस वाया जाऊ दिला न्हाई म्या."

नळी बर्फात उभी होती. लशीला गारवा लागतो. या कामाला मात्र रक्त घरातल्या हवेइतकंच उबदार लागतं, गार पडलं की पेशी नीट सुटत नाहीत. एरवी रक्त आणणारे आमचेच लोक असतात, त्यांना हे सांगावं लागत नाही. बहिणीला सांगायला हवं होतं.

तरी मी कामाला लागले. नळीत आधी एक जड द्रव घालायचा, त्याच्यावर रक्त हळूहळू, धक्का न लावता सोडायचं आणि नळी यंत्रात फिरवायची. लाल पेशी तळाशी जातात आणि मध्ये एक धुरकट पांढरं कडं धरतं. हव्या त्या पेशी तेवढ्याच. त्या दिवशी कडं धरलंच नाही. तांबडे पुंजके वरपर्यंत लोंबत राहिले. हाती आलं ते निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मेलेली पेशी तो रंग शोषून घेते. बहुतेक सगळ्या निळ्या होत्या.

मामा बाहेर बाकावर बसून होते.

"झालं का काम?"

"झालं, मामा."

"मंग आता सापडतंयच की. चला, आधी दोन घास खा. तुमच्या बहिणीनं तुम्हाला बी दशम्या दिल्यात."

मी त्यांच्याबरोबर जेवले.

ते गेल्यावर मी डॉक्टरांना फोन करून नमुना वाया गेल्याचं सांगितलं. बाळाच्या अंगात रक्तच कमी आहे, चार दिवस थांबावं लागेल, असं ते म्हणाले. पुन्हा रक्त कशाला, असं घरून विचारलं तेव्हा मी पडताळणीसाठी म्हणाले. चौथ्या दिवशी स्वतः लातूरला जाऊन नळी आणली. कडं स्वच्छ धरलं. पेशी पुढे तपासणीला गेल्या. अहवाल यायच्या आत तो मंगळवार आला.

चार दिवस आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं असेल. मला पडताळता येत नाही.

अहवाल द्यायला मी लातूरला गेले. बहिणीनं तो घेतला, उघडला नाही. मामा दारापर्यंत सोडायला आले.

"बाई, पयलं रक्त चांगलं पोचलं व्हतं ना?"

"हो, मामा."

त्यांनी मान हलवली आणि चप्पल घालून मला रिक्षापर्यंत पोचवलं.

अहवाल बहिणीच्या कपाटात आहे. त्यात जनुकाचं नाव आहे. बर्फाचं मला एकटीला माहीत आहे.