सुतारकाकांची चकचकीत खोकी

सुतारकाकांनी कोंबड्यांना अंडी घालायला फळांच्या जुन्या पेट्यांची खोकी केली. लाकूड फुकटचं, पण सवय सुताराची; खोकी घासूनपुसून त्यांनी आत भुशाचा कणही ठेवला नाही. कोंबड्यांनी आत डोकावलं, नाक मुरडलं आणि काकूंच्या धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत अंडी घातली.

"उद्या पुन्हा कपड्यांत अंडं दिसलं, तर कोंबड्या माझ्या बहिणीकडे जातील," काकूंनी बजावलं.

काका जेवणावर रुसले.

सकाळी काका अंघोळीला गेल्याचं बघून काकूंनीच त्यांच्या रंध्याखालचा भुसा गोळा केला आणि खोक्यांत पसरला. दुपारी तिथे दोन अंडी.

"बघितलीस माझी कारागिरी?" काका फुशारले.

"बघितली हो. कचरासुद्धा तुमचाच," म्हणत काकूंनी मोठं अंडं त्यांच्याच ताटात वाढलं.